बीजिंगचा राजवाडा आईला दाखवायचा आहे, गाइड घ्यावा का?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन बीजिंगला चाललोय. तिचं वय 68, गुडघे दुखतात. फॉरबिडन सिटी, म्हणजे तिथला जुना बादशाही राजवाडा, बघायचं तिच्या फार मनात आहे. गाइड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

उत्तर 1: मी आईबाबांना नेलं होतं. गाइड जरूर घ्या, पण पैसे ठरवतानाच सांगा की पळवायचं नाही. आमच्या गाइडने दक्षिणेच्या वूमेन दरवाजातून आत घेतलं आणि दोन तासांत उत्तरेला बाहेर काढलं. बाहेर पडलं की त्या तिकिटावर परत आत सोडत नाहीत. त्याची रुखरुख मला अजून आहे.

सिंहासनाच्या दालनात आत जाता येत नाही. दाराशी एवढी रेटारेटी की आईला काहीच दिसलं नाही. तिथे न थांबता छपराच्या कोपऱ्याकडे बघा, ओळीने प्राण्यांच्या दहा छोट्या मूर्ती बसवल्यात. दहाचा मान फक्त याच इमारतीला.

खरं थांबायचं ते त्याच्या पुढे, बाओहे नावाच्या दालनाच्या मागे. पायऱ्यांच्या मधोमध एकच अखंड दगड आहे, 16 मीटरहून लांब, 200 टनांहून जड, वर ड्रॅगन कोरलेले. भर थंडीत रस्त्यावर पाणी ओतून बर्फ केला आणि त्यावरून तो ओढत आणला. बाबांचं सगळं आयुष्य बांधकामावर गेलं. ते कठड्याला धरून बघतच राहिले. गाइड झेंडा घेऊन पुढे निघाला होता, मी बाबांना ओढून नेलं. तसं तुम्ही करू नका.

गुडघ्यांसाठी: उंबरे उंच आहेत, चौथऱ्यांच्या पायऱ्याही बऱ्याच. आईला प्रत्येक चौथऱ्यावर चढवू नका, बाजूने खालूनही पुढे जाता येतं. पुढच्या चौकांत झाड नाही, टोपी न्या. सावली शेवटच्या बागेत, जुन्या सायप्रसखाली.

उत्तर 2: राजवाडा सोमवारी बंद असतो. 1 ते 7 ऑक्टोबर टाळाच, त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते. तिकीट पासपोर्टच्या नावावर, आधीच काढावं लागतं. खजिन्याच्या दालनांचं तिकीट वेगळं, तेही घ्या. नऊ ड्रॅगनांची रंगीत भिंत तिकडेच आहे.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. राजवाड्याच्या उत्तर दरवाजासमोरची टेकडी आईला जमेल का?

उत्तर 1: जिंगशान? खंदकाच्या मातीचीच टेकडी ती, पण चढ आहे. आईंना खाली बाकावर बसवा, तुम्ही वर जाऊन पिवळ्या छपरांचा फोटो काढून आणा.