उपकर, पट्टी, आकार: चलनावरच्या शब्दांचं काय करायचं?

अनगोळकर
एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते म्हणून आमच्या बेळगावच्या महापालिकेचं घरपट्टीचं चलन काढलं, सगळं कन्नडात, वाचता येतंय खरं अर्थ लावताना अडकायला होतंय. तेरिगे म्हणजे कर एवढं ठाऊक आहे. त्याच्याखाली उपकर म्हणून आरोग्य, ग्रंथालय आणि भिक्षुक (म्हणजे भिकारी). उपकर म्हणजे लहान कर काय, उपनगरासारखं? आणि बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) कागदावर बेटरमेंट चार्जेस असतात त्याला मराठीत काय लिहायचं? गल्लीतल्या वयस्कर लोकांसाठी एक मराठी कागद करूलालोय म्हणून विचारतोय.

शहापूरकर
लहान न्हवं हो, उपकर म्हणजे इंग्रजीतला सेस, करावर बसलेला कर. घराच्या किमतीवर लागत नाही, जो कर निघतो त्याच्यावर टक्के लागतात. आरोग्य १५, ग्रंथालय ६, भिक्षुक ३, म्हणजे १००० रुपये कर आला तर वर २४०. दुसरं म्हणजे त्याचं काम आधीच ठरलेलं असतं. ग्रंथालयाचा १९६५ च्या कायद्यातला, भिक्षुकांचा १९७५ च्या, आणि हे पैसे महापालिका नुसते गोळा करून पुढं पाठवते, त्यामुळं "इतका सेस भरतोय मग आमची गटार का तुंबली" म्हणून भांडायला जाणारा चुकीच्या खिडकीवर उभा असतो. गटार, दिवे, रस्ते मूळ करातनं आणि वरनं येणाऱ्या अनुदानातनं होतात. कागदावर सरळ सेस लिवा. अधिभार (सरचार्ज) नको, पेपरवाले दोन्ही एकच समजून वापरतात खरं अधिभाराला काम ठरलेलं असेलच असं नाही.

येळ्ळूरकर
सेसला आपला जुना शब्द आहे की, पट्टी! शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळची सिंहासनपट्टी, पेशवाईत कर्ज फेडायला कर्जपट्टी, नावातच कशासाठी घेतली ते. गावात महालक्ष्मीची यात्रा आली की अजून पण "घरटी पट्टी काढली" म्हणतेत आणि ती दुसऱ्या कामाला वापरली तर पंचांची काय खैर नसते.

निपाणीकर
मग घरपट्टीचं काय? ती घरासाठी कुठं वापरतात, घरावर घेतात फक्त. आणि पाणीपट्टी तर वापरलेल्या पाण्याचे पैसे. पट्टीचे तीन अर्थ झाले इथंच, म्हणून भिक्षुकपट्टी वगैरे लिहू नका, लोकं हसतील. बाकी आम्ही कोल्हापूरच्या अंगाचे, आमच्याकडं घरफाळा.

शहापूरकर
निपाणीकरांचं पटलं. पट्टी बोलताना ठेवा, कागदावर सेस.

टिळकवाडीकर
बेटरमेंटचं राहिलंच. समजा बुडानं स्कीम केली, रस्ता ड्रेनेज आलं, शेजारच्या जागेचा भाव मालकानं काही न करता वाढला, त्या वाढीतला हिस्सा मागायचा ही मूळ कल्पना, १९८७ च्या नगरविकास प्राधिकरणाच्या कायद्यात पण आहे. म्हणून विकास शुल्क लिहिलं तर गोंधळ होणार, ते बांधकामाची परवानगी घेताना भरायचं असं लोकांना वाटतं. मी सुधार आकार लिहीन. आकार शब्द महाराष्ट्रातल्या वीजबिलावर असतोय, स्थिर आकार बघा.

येळ्ळूरकर
सुधार म्हटलं की सुधारगृह आठवतंय मला 😄 "जागावाढीचा आकार" कसं वाटतं?

टिळकवाडीकर
जागा वाढत नाही हो, भाव वाढतो! मग "भाववाढ आकार" लिवा, खरं त्याला महागाई समजतील.

अनगोळकर
सुधार आकार घेतो आणि कंसात एक ओळ समजावून सांगतो. आता अनुदान आणि निधी एकच काय? स्मार्ट सिटीच्या वेळी दोन्ही ऐकलं.

शहापूरकर
निधी म्हणजे साठा, कुठनं पण आलेला. अनुदान वरच्या सरकारनं दिलेलं, परत द्यायचं नसतं. २०१६ च्या पहिल्या २० शहरांत बेळगाव आलं, त्यात केंद्राचे ५०० कोटीपर्यंत आणि तेवढेच राज्याचे, हे अनुदान. बाजारातनं उचललं तर ते कर्ज, रोखे काढून. बंगळूरनं १९९७ ला काढले, पुण्यानं २०१७ ला २०० कोटींचे, पाण्याच्या योजनेसाठी.

निपाणीकर
रोखे लिवा, बाँड अजिबात नको. आपल्याकडं बाँड म्हटलं की माणूस स्टँप पेपर आणायला कोर्टाकडं जातोय.