छोटं कॅथलिक कॉलेज: कुणाला मानवलं, कुणाला नाही?

टेकडीवरची
परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका बाईंच्या कपाळावर राखेचा फराटा दिसला आणि मी थेट १९९५ सालात. कॉलेजातला माझा पहिला ॲश वेन्सडे (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस). सकाळी आठच्या वर्गात निम्म्या पोरांच्या कपाळावर राख. मला वाटलं हे लोकही अंगारा लावतात की काय! रूममेटला तसं म्हटलंही. तिने अंगारा म्हणजे काय ते अर्धा तास विचारलं आणि आमची मैत्री झाली ती आजतागायत.

कॉलेज म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरचं होली क्रॉस. जेझुइटांचं (हा कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ), १८४३ चं. फक्त अंडरग्रॅड, सगळी मिळून तीनेक हजार पोरं. टेकडीवर वसलेलं, त्यामुळे पायऱ्याच पायऱ्या. चार वर्षांत पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्या.

आम्ही तेव्हा फ्रेमिंगहॅमला. बाबांच्या मनात सरकारी विद्यापीठ युमास ॲमहर्स्ट आणि इंजिनियरिंग, दोन्ही पक्कं. वहीत दोन रकाने आखले होते. होली क्रॉसच्या रकान्यात खर्च, आणि त्याखाली नुसतं "धर्म?" असं लिहून ठेवलेलं. सांगलीहून आजीचा फोन, "गळ्यात क्रॉस घालायला लावतात का गं?" नाही लावत. मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जायची सक्ती नव्हती. भिंतीवर क्रॉस होते, महिन्याभरात ते दिसेनासे झाले, जसं घरातलं कालनिर्णय दिसेनासं होतं.

ठरलं ते एका वर्गात बसल्यामुळे. प्रवेशाआधी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एका तासाला बसू दिलं. सोळा पोरं, कुठल्याशा ग्रीक नाटकाचं एक पान, आणि पन्नास मिनिटं त्या एका पानावर वाद. मधेच सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?" मी तर पाहुणी! ततपप केलं. परतताना गाडीत बाबांना म्हणाले, इथे जायचंय.

आता दुसरी बाजू. जिथे पाहुणीलाही प्रश्न विचारतात तिथे लपायला जागा नसते. दुसऱ्या वर्षी एक तास बुडवला तर किंबल डायनिंग हॉलच्या रांगेत प्रोफेसरांनी गाठलं, "बरी आहेस ना?" पहिल्यांदा भरून आलं. तिसऱ्यांदा वाटलं, अरे मला एकटीला जरा आजारी पडू द्या.

लेकीचं यंदा कॉलेजचं चाललंय, म्हणून हे सगळं वर आलं. तुमचे अनुभव लिहा. तुमचे, मुलांचे, भाचरांचे, कुणाचेही.

पोहेवाला
लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) शुक्रवारी आमच्या मेसमध्ये मांस बंद. वर्षभर लेट्यूस चघळणाऱ्या मला त्या सहा आठवड्यांत दर शुक्रवारी चीज पिझ्झा, मॅक अँड चीज, बीन सूप. बाकीची पोरं त्याग करतायत आणि मी ताट भरून घेतोय. कॉलेज मानवलं का? शुक्रवारी मानवलं.

वसईची सून नाही लेक
टेकडीवरची, आम्ही त्याला राखेचा बुधवार म्हणतो. छान लिहिलंत.

माझा अनुभव उलटा आहे. मी जन्माने कॅथलिक, मराठीत मिस्सा ऐकत वाढले, घरात कादोडी (आमची वसईची बोली) बोलतो. मिडवेस्टातलं एक कॉलेज (नाव नको) निवडताना आईबाबा निर्धास्त होते, आपलीच माणसं, आपलंच वातावरण. पहिल्याच आठवड्यात तिघांनी विचारलं, "तुमच्या घरच्यांनी धर्म कधी बदलला?" एकदा वैतागून म्हटलं, बाबा रे, पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ ला, तुमचं इलिनॉय राज्य झालं १८१८ ला. तूच सांग.

आणि चर्चमध्ये कुणी गात नाही हो! आमच्याकडे म्हाताऱ्या छप्पर उडवतात. तिथे सगळे ओठातल्या ओठात. मी पहिल्या रविवारी मोठ्याने गायले तर पुढच्या बाकावरचे वळून बघायला लागले. नंतर त्यांनीच क्वायरमध्ये ओढलं.

सांगायचं काय, धर्म एक असला की जमेलच असं नाही, आणि वेगळा असला की

वसईची सून नाही लेक
अर्धवटच गेलं. मुलगा फोन ओढतोय. समजून घ्या.

सदू जोशी सध्या ऑस्टिन
दोघींनाही दंडवत. १५३४ वि. १८१८ 😂

ते कोविडवाले डॉक्टर फौची होली क्रॉसचेच ना?

टेकडीवरची
@सदू हो, १९६२ च्या बॅचचे. आणि विषय काय, क्लासिक्स! ग्रीक-लॅटिन वाचत वाचत मेडिकलची तयारी. हे मला १९९४ ला माहीत असतं तर बाबांशी चार भांडणं कमी झाली असती.

कूपर्टिनोचे काका
मी बाबांच्या पार्टीतला. थोडं रुक्ष लिहितो.

१) छापील फी बघून घाबरू नका. २०११ पासून, फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती पडेल ते सांगणारा) ठेवावा लागतो. आकडे घाला, खरा अंदाज मिळतो. आमच्याकडे एका छोट्या कॅथलिक कॉलेजचं पॅकेज आल्यावर ते सरकारी विद्यापीठाच्या जवळपास येऊन बसलं. भारतातून थेट येणाऱ्यांना मात्र या यंत्राचा फार उपयोग नाही, त्यांनी कॉलेजला लेखी विचारावं.

२) हा मुद्दा आम्ही पोळून निघाल्यावर शिकलो. थोरल्याला कॉम्प्युटर सायन्स करायचं होतं. कॉलेजचं नाव घेत नाही. कॅटलॉगात चोवीस कोर्स, बघून आम्ही खूश. विभागात प्राध्यापक तीन. एक सब्बॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले, एक निवृत्त झाले. जो कोर्स हवा तो एक वर्षाआड, आणि तेव्हा तो नेमका दुसऱ्या कोर्सच्या वेळेवर. तिसऱ्या वर्षी ट्रान्सफर घेतली, काही क्रेडिट वाया गेले. म्हणून कॅटलॉग बघू नका, मागच्या चार सेमिस्टरचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. देतात.

३) तिसरा मुद्दा होता, विसरलो.

सदू जोशी सध्या ऑस्टिन
काका तिसरा मुद्दा नक्की "शेवटी सगळे कोडिंगच करतात" हा असणार. ह.घ्या.

एल्गिनची मावशी
काकांचा तिसरा मुद्दा मी लिहिते. कॉलेज टिकणार आहे का? भाचीचं कॉलेज ती दुसऱ्या वर्षाला असताना बंद पडलं. ईमेलवर कळलं. छोट्या कॅथलिक कॉलेजांवर सध्या वाईट दिवस आहेत. मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच २०२३ ला बंद झालं, फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी आणि ऑल्बनीचं सेंट रोझ दोन्ही २०२४ ला. मुलंच कमी होत चाललीत, आणि ज्यांच्याकडे देणग्यांची गंगाजळी नाही ती फीवरच जगतात. पाच वर्षांचे प्रवेशाचे आकडे बघा. दरवर्षी उतरत असतील तर कॅम्पस कितीही गोड असला तरी भुलू नका.

भाचीला दुसऱ्या कॉलेजने सामावून घेतलं, बरं चाललंय. पण तिला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं माहितेय? कॅफेटेरियातल्या बाईंचं. तिच्यासाठी वेगळं बिनमांसाचं सूप ठेवायच्या, नावानिशी. आता त्या कुठे असतील कुणास ठाऊक.

पोहेवाला
या बाई प्रत्येक छोट्या कॉलेजात असतात बहुतेक. आमच्याकडच्यांनी मला "कढीपत्ता" कुठे मिळतो विचारून घेतलं होतं.

अनामिक_४११००४
विषयाला धरून नाही पण राहवत नाही. मुंबईत बीकेसीला अमेरिकन व्हिसाचा इंटरव्ह्यू. ऑफिसर आय-ट्वेंटी (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद) बघून: "धिस इज अ कॅथलिक कॉलेज. आर यू कॅथलिक?" मी: "नो सर, आय ॲम फ्रॉम पुणे."

मिळाला व्हिसा.

वसईची सून नाही लेक
😂😂😂 पुणे हा स्वतंत्र धर्मच आहे

टेकडीवरची
आत्ता ऑफिसात मोठ्याने हसले, मीटिंग चालू होती.

अनामिक_४११००४
आता विषयाला धरून. मॅथ्समध्ये बीए केलं. नातेवाईक अजून विचारतात, "बीए? एवढे पैसे घालून?" त्यांना समजावणं सोडलंय. पण भारतातून येणाऱ्यांसाठी सांगते, पदवीवर बीए लिहिलेलं असलं तरी विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) यादीत असेल तर ओपीटीची (शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीची) दोन वर्षांची मुदतवाढ मिळते. एक अधिक दोन, तीन वर्षं. इतिहास, इंग्रजीवाल्यांना एकच. हे आधी बघून ठेवा, नंतर रडू नका.

थिऑलॉजीचा कोर्स सक्तीचा होता. आधी कपाळावर आठ्या. मी घेतला "धर्मांचा तुलनात्मक अभ्यास". सरांनी तुकोबांबद्दल मलाच बोलायला उभं केलं. मला चार अभंग धड येईनात! रात्री आईला फोन, आईने आजीला दिला, आजीने दीड तास. जे पुण्यात शिकले नाही ते तिथे शिकले.

गिरगावातला
आमच्या झेवियर्सचं कुणी नाव घेईना म्हणून. १८६९, जेझुइट, दगडी इमारत, आणि फादर लोक मराठी बोलायचे. पण ते छोटं नव्हे, त्यामुळे गप्प बसतो. कँटीनबद्दल वेगळा धागा काढा.

अवांतर: मराठीचे गोडवे गाणारे फादर स्टीफन्सही जेझुइटच. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात बसून ओव्या लिहिल्या. टेकडीवरची, तुमच्या कॉलेजातल्या फादरांना हे सांगितलंत का?

टेकडीवरची
सांगितलं होतं! बाबांनीच. दीक्षान्ताला आले तेव्हा एका म्हाताऱ्या फादरांना धरून स्टीफन्स समजावत होते, मधे मधे मराठीतच. ते शांतपणे मान हलवत होते. त्या वहीतल्या "धर्म?"च्या रकान्याचं काय झालं ते बाबांना कधी विचारलं नाही.

सरिता_कॅल
मी पण लिहिणार होते मोरागाच्या सेंट मेरीजबद्दल, धाकटा तिथे होता, गोल टेबलाभोवती सेमिनार, लाजाळू मुलगा कसा बोलायला लागला वगैरे. थांबा दूध

मिडवेमधला बाप
नवीन आयडी काढलाय. सरळ विचारतो. मुलगा गे आहे. त्याला लहान कॉलेज हवंय, कॅथलिक कॉलेजांच्या ऑफर चांगल्या आहेत. पाठवावं का? घरात यावर बोलणं अवघड जातं.

टेकडीवरची
दादा, आधी हे की तुम्ही विचारताय. बरं वाटलं वाचून.

कॅथलिक हा एकच रंग नाही. एका टोकाला कॅलिफोर्नियाचं थॉमस अक्वायनस. तिथे मेजरच नाहीत, सगळ्यांना तेच अभिजात ग्रंथ, वर्गात ड्रेस कोड, मुलांनी मुलींच्या वसतिगृहात पाऊल टाकायचं नाही. ते जे आहेत ते लपवत नाहीत, आणि तेच हवं म्हणून जाणारी मुलं तिथे खूश असतात. दुसऱ्या टोकाला बरीचशी जेझुइट कॉलेजं, हवा बरीच मोकळी. पण एकाच ऑर्डरच्या (पाद्र्यांच्या संघाच्या) दोन कॉलेजांतही फरक पडतो. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंवर जाऊ नका. मुलाला तिथल्या एखाद्या गे विद्यार्थ्याशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर कॉफी प्या. कॉलेजला विचारा, असा विद्यार्थी गट अधिकृत आहे का, त्याला निधी आणि खोली मिळते का. उत्तर द्यायला वेळ लावला तर तेही उत्तरच.

वसईची सून नाही लेक
+१. आणि कॅम्पस मिनिस्ट्रीच्या (कॉलेजातलं धार्मिक कामकाज बघणाऱ्यांच्या) ऑफिसात जाऊन बसा दहा मिनिटं. तिथे कोण कोण येतं, सोफ्यावर कोण लोळतंय, बघा. आमच्या इथे सगळ्यात मोकळी जागा तीच होती. सगळीकडे असेल असं नाही.

मिडवेमधला बाप
धन्यवाद दोघींना. दाखवतो त्याला हे.

एल्गिनची मावशी
मिनेसोटाचं कॉलेजव्हिल कुणी पाहिलंय का? सेंट जॉन्स. मुलगे तिथे, मुली काही मैलांवर सेंट बेनेडिक्टला, वर्ग एकत्र, मधे बस. मठ, तळं, जंगल, आणि वास्तुकार मार्सेल ब्रॉयरचं काँक्रीटचं चर्च. दिराचा मुलगा तिथला. हाताने लिहिलेलं अख्खं बायबल आहे तिथे, २०११ ला पुरं झालं. त्यांच्या हस्तलिखितांच्या संग्रहालयाने केरळातल्या ख्रिश्चनांच्या सिरियाक भाषेतल्या पोथ्यासुद्धा स्कॅन करून ठेवल्यात. दीर म्हणाले, "आपल्या पोथ्या बघायला मिनेसोटात उणे तीसमध्ये यायचं!" पुतण्या मात्र रमला. शांतता आवडणारा आहे. त्याची बहीण दोन दिवस राहिली आणि म्हणाली, इथे मला वेड लागेल. एकाच घरातली दोन पोरं.

पोहेवाला
डॉर्ममध्ये कुकर चालतो का कुणाला माहितेय? भावाचा प्रश्न आहे.

अनामिक_४११००४
नाही चालत. मी रात्री अकराला फोडणी दिली, अलार्म वाजला, बर्फात सगळा हॉल बाहेर. आमच्या मजल्यावर राहणारे फादर पायजमा आणि स्लिपरमध्ये. मला वाटलं आता गेले. ते म्हणाले, "काय होतं ते? उरलंय का?"

कूपर्टिनोचे काका
उरलं होतं का?

अनामिक_४११००४
आमटी होती. करपलेली. खाल्ली त्यांनी.

सदू जोशी सध्या ऑस्टिन
टेकडीवरची, लेकीचं काय ठरलं? तुमचंच कॉलेज का?

टेकडीवरची
कॉलेजला कळवायला एक मे पर्यंत वेळ आहे. पण खरं सांगू? शरद ऋतूत तिला टेकडीवर घेऊन गेले होते. मी आपली फेनविकचे मनोरे दाखवतेय, हा जिना, ही लायब्ररी, इथे मी रडले, इथे हसले. किंबलमध्ये जेवलो. एक मुलगी आमच्या टेबलाजवळून जाताना सहा जणांना नावाने हाक मारत गेली. मी म्हटलं बघ! लेक म्हणाली, "आई, तेच. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचंय."

पन्नास हजार पोरांच्या विद्यापीठावर तिचा डोळा आहे. बाबांना फोन केला, म्हटलं तुमची नात तुमच्यावर गेली. ते खूश. वही शोधतायत.

सरिता_कॅल
आले. सगळा ओटा पुसून काढावा लागला. कुठे होते मी?