आधीची नोंद नसलेल्या दत्तक मांजरीचे लसीकरण कसे सुरू करावे?

रानजाई
नमस्कार. बेवारस प्राण्यांच्या एका निवाऱ्यातून आम्ही नुकतीच एक मांजरी दत्तक घेतली आहे. दात पाहून तिचे वय वर्षभराच्या आसपास असावे, असा तेथील लोकांचा अंदाज आहे. निवाऱ्यात तिला एक इंजेक्शन दिल्याचे तोंडी सांगण्यात आले, परंतु ते कोणत्या लसीचे होते आणि कधी दिले, याची कोठेही नोंद नाही. ती व्यवस्थित खाते-पिते. मात्र घरी आल्यापासून अधूनमधून शिंकते आणि सकाळी तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तपकिरी चिपड साचलेले दिसते.

घरात आमचा जुना बोकाही आहे. त्याचे लसीकरण लहानपणी झाले होते, पण तो कधीच बाहेर जात नसल्यामुळे गेली काही वर्षे बूस्टर दिलेला नाही. नव्या मांजरीला तीच लस पुन्हा दिली गेल्यास काही अपाय होईल का? शिंका थांबेपर्यंत लस पुढे ढकलावी का? आणि दोघांना एकत्र केव्हा आणावे?

अर्धविराम
कागदावर नोंद नसेल तर लस झालेलीच नाही असे धरून चालावे. एखादी मात्रा जास्त झाल्याने निरोगी मांजराला सहसा अपाय होत नाही. लस मुळीच न मिळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. प्रौढ मांजरासाठी मुख्य लस तीन आजारांवरची असते : पॅनल्यूकोपेनिया (आतडी व रक्तपेशींवर घाला घालणारा विषाणूजन्य आजार), हर्पिस आणि कॅलिसी (दोन्ही सर्दी-शिंकांचे विषाणू). तिच्या दोन मात्रा ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने देतात, नंतर वर्षभराने बूस्टर, आणि त्यापुढचे अंतर मांजराच्या राहणीमानानुसार पशुवैद्य ठरवतात. रेबीजची लस वेगळी असते व ती वयाच्या १२ आठवड्यांनंतर देता येते. (पिल्लांची गोष्ट निराळी आहे. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करत असल्यामुळे त्यांना वयाच्या किमान १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी मात्रा द्याव्या लागतात. आपल्या मांजरीला ते लागू नाही.)

शिंकांबद्दल माझा कयास हर्पिसचा आहे, अर्थात निदान पशुवैद्यांनीच करायचे. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की बहुतेक मांजरांमध्ये आयुष्यभर दबा धरून राहतो आणि जागा बदलणे, प्रवास, नवी माणसे अशा ताणानंतर पुन्हा डोके वर काढतो. या आजारावरची लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही, ती त्याची तीव्रता कमी करते; त्यामुळे लस देऊनही शिंका येतात म्हणून ती निरुपयोगी ठरवू नये. मांजर खेळते आहे, खाते आहे, ताप नाही, अशा स्थितीत किरकोळ शिंकांसाठी पशुवैद्य सहसा लस थांबवत नाहीत. ताप असेल, खाणे सुटले असेल किंवा स्राव पिवळा-हिरवा व घट्ट झाला असेल, तर मात्र आधी उपचार. तिचे पोट वाढलेले वाटत असेल तर तेही आधीच सांगा, कारण गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देणे टाळतात.

लसीइतकीच महत्त्वाची, पण नेहमी मागे पडणारी गोष्ट म्हणजे रक्ताची तपासणी. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू लाळेतून, म्हणजे एका ताटलीत खाण्याने किंवा एकमेकांना चाटण्यानेही पसरतो. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. दोन्हींची तपासणी थोड्याशा रक्तावर काही मिनिटांत होते. संसर्ग ताजा असेल तर पहिल्या तपासणीत तो सापडत नाही, म्हणून साधारण २ महिन्यांनी ती पुन्हा करावी.

पायरव
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु बोक्याचा मुद्दा त्यात सुटला आहे. तो बाहेर जात नसला तरी आपण जातो. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपलांवरून व कपड्यांवरून घरात येऊ शकतो, घरातल्या फटीत वर्षभरही तग धरू शकतो, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. त्यासाठी पातळ केलेले ब्लीच लागते. या भेटीतच बोक्याचाही बूस्टर उरकून घ्यावा.

किमान दोन आठवडे मांजरीला स्वतंत्र खोलीत ठेवा आणि तिची ताटली, पाण्याचे भांडे व शौचाचा ट्रे वेगळे असू द्या. आधी बोक्याचे काम करा, मग तिच्या खोलीत जा. उलट क्रमाने गेल्यास वेगळे ठेवण्याला फारसा अर्थ उरत नाही.

त्याच काळात पिसवा पाहून घ्या. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. पिसवा आढळल्या तर जंताचे औषध देताना फीतकृमींचाही विचार करावा लागतो, कारण अंग चाटताना पिसू गिळली गेली की तिच्याबरोबर तो जंतही पोटात जातो. औषध मात्र मांजरांसाठी म्हणून बनवलेलेच वापरावे. कुत्र्यांच्या पिसवांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते; त्याने मांजराला झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो.

रानजाई
दोघांचे मनःपूर्वक आभार. आज पशुवैद्यांकडे जाऊन आलो. ताप नव्हता, रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली, डोळ्यासाठी थेंब दिले आणि दोघांनाही लस टोचली. आता मांजरी मलूल होऊन कोपऱ्यात बसली आहे, आणि तिच्या मागच्या पायावर, लस दिली तेथे, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. काळजीचे कारण आहे का?

अर्धविराम
एक-दोन दिवस मलूलपणा, किंचित ताप आणि कमी भूक अपेक्षितच आहे. चेहरा सुजणे, वारंवार उलट्या होणे किंवा श्वास लागणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तिने पूर्ण २४ तास काहीच खाल्ले नाही तरीही फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते प्रकरण फार लवकर हाताबाहेर जाते.

गाठ बहुधा काही आठवड्यांत विरून जाईल. ती ३ महिन्यांनंतरही टिकली, २ सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा लसीनंतर महिना उलटूनही वाढत राहिली, तर तुकडा काढून तपासून घ्यावा, कारण क्वचित तेथे कर्करोगाची गाठ होऊ शकते. लस मानेऐवजी पायात देण्याचे कारणही हेच आहे : तशी वेळ आलीच, तर शस्त्रक्रिया करणे सोपे जाते.

पायरव
ताप उतरवायला घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.