स्पिरिट ग्रुप की फ्रॅटर्निटी: ऑस्टिनमध्ये शिकणाऱ्या मुलाने काय निवडावे?

धागाकर्ती:
माझा मुलगा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास आणि खर्च पाहता त्याला एकाच ठिकाणी नाव देता येईल. एकीकडे विद्यापीठाचा एक स्पिरिट ग्रुप, म्हणजे सामन्यांत विद्यापीठाच्या संघाचा उत्साह वाढवणारा विद्यार्थ्यांचा गट आहे, दुसरीकडे एक फ्रॅटर्निटी, म्हणजे मुलांची बंधुभावाची संघटना, जिच्या शाखा बहुधा अनेक विद्यापीठांत असतात. त्याने स्पिरिट ग्रुपच निवडावा, असे माझे ठाम मत आहे, कारण या गटांना नेमून दिलेले काम असते. १९३७ पासूनचा सिल्व्हर स्पर्स हा गट विद्यापीठाचे मानचिन्ह असलेल्या बीव्हो या लांब शिंगांच्या बैलाची काळजी घेतो आणि फुटबॉलच्या सामन्याला त्याला मैदानात आणतो. फ्रॅटर्निटीत मात्र सुरुवातीचे कित्येक आठवडे ‘प्लेज’, म्हणजे अजून पक्का न झालेला नवखा सभासद म्हणून काढावे लागतात. माझ्या भाच्याने दुसऱ्या एका राज्यात ते काढले, तेव्हा रात्री दोन वाजता फोन आला तरी गाडी काढून ज्येष्ठ सभासदांना घरी सोडणे हे त्याचे काम होते. थँक्सगिव्हिंगला तो आमच्याकडे जेवायला आला, तर फोन ताटाला टेकवून ठेवलेला, आणि पडदा उजळला की हातातला घास तसाच राहायचा. ते पाहून माझा जीव तुटला.

प्रतिसाद १ (ऑस्टिनचा माजी विद्यार्थी):
ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. टेक्सास काउबॉइज हा १९२२ सालचा, ‘स्मोकी’ तोफ उडवण्यासाठी ओळखला जाणारा गटही स्पिरिट ग्रुपच होता. २०१८ मध्ये नव्या सभासदांच्या शिबिरावरून परतताना गाडीला अपघात झाला आणि त्यातल्या जखमांनी एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. विद्यापीठाच्या चौकशीत त्या शिबिरात हेझिंग, म्हणजे आपण ज्याला रॅगिंग म्हणतो ते, झाल्याचे आढळले आणि २०१९ मध्ये गट सहा वर्षांसाठी निलंबित झाला. काम नेमलेले होते, तरीही हे घडले.
फ्रॅटर्निटीच्या शाखेवर निदान एका राष्ट्रीय कार्यालयाची नजर असते. शिवाय आपल्या मुलांसाठी तिथे आणखी काही आहे: डेल्टा एप्सिलॉन साय ही दक्षिण आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी १९९८ मध्ये ऑस्टिनमध्येच स्थापन झाली. मी अशाच एका फ्रॅटर्निटीत होतो. माझे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, त्या रात्री आईवडील विमानात असताना तीन मित्र रुग्णालयात बसून होते, आणि आज पंधरा वर्षांनीही त्यांच्यातला एकही दुरावलेला नाही.

प्रतिसाद २ (सध्या डॅलस, मूळ पुणे):
मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. पुण्यात मी सहा वर्षे ढोलपथकात वाजवले. दोन महिने नदीकाठी सराव, खांद्याला दोरीचे वळ, पण शेवटी मिरवणूक समोर दिसत असते, त्यामुळे कष्ट कशासाठी हे कोणाला विचारावे लागत नाही. ज्या गटाला बाहेरचे काही पार पाडायचे असते, त्याला नवख्या मुलाचा कस पाहण्यासाठी वेगळे प्रकार रचावे लागत नाहीत. काउबॉइजच्या बाबतीत हेच बिघडले असावे: तोफ बाजूला राहिली आणि दीक्षाविधी मोठा झाला.

प्रतिसाद ३ (अमेरिकेतील एका विद्यापीठात विद्यार्थी विभागात नोकरी):
राष्ट्रीय कार्यालयाच्या भरवशावर कृपया राहू नका. बीटा थीटा पाय ही १८३९ पासूनची फ्रॅटर्निटी आहे. पेन स्टेट विद्यापीठातील तिच्या शाखेच्या सभासदांच्या घरात मद्याला बंदी होती, आणि तरीही २०१७ मध्ये त्याच घरात मद्य पाजले गेलेला १९ वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला, मदतीसाठी फोन व्हायला जवळजवळ बारा तास लागले आणि तो वाचला नाही. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला. इथे संपूर्ण देशाला लागू होणारा, विद्यापीठांना हेझिंगची माहिती जाहीर करायला लावणारा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. टेक्सासने मात्र २०१९ मध्येच विद्यापीठांना दोषी संघटनांची माहिती संकेतस्थळावर देणे बंधनकारक केले. त्या यादीत स्पिरिट ग्रुप आणि फ्रॅटर्निटी शेजारी शेजारी सापडतात. दोन्ही नावे तिथे शोधा आणि नेमके काय करायला लावले होते, ते मुलाबरोबर बसून वाचा.

धागाकर्ती:
काउबॉइजची हकीकत मला ठाऊक नव्हती. काल रात्री यादी उघडून आम्ही दोघांनी वाचली. त्यानंतर मुलाने दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: सांगितलेल्या कामाला मी नाही म्हणालो, तर काय होईल? फ्रॅटर्निटीतल्या मुलाने कशाला नकार देता येतो आणि तक्रार कोणाकडे करायची, हे नीट सांगितले. स्पिरिट ग्रुपमधला मुलगा ‘तशी वेळच येत नाही’ एवढेच म्हणाला. प्रतिसाद २ मधले म्हणणे मला अजूनही पटते आणि माझा कल बदललेला नाही, परंतु त्या उत्तराचा खुलासा मिळेपर्यंत कुठेही नाव देऊ नकोस, असे मी त्याला सांगितले आहे.