पोअर पॉइंट एकदा −३९, एकदा −४५: तेलात खोट की पद्धतीत?

प्रश्न
नॅफ्थेनिक (कमी मेणाच्या खनिज तेलाच्या) बेसचं नवं ट्रान्सफॉर्मर ऑइल आहे. प्रमाणपत्रात पोअर पॉइंट (तेल सरकतं ते सर्वांत कमी तापमान) −४५ °से. हाताने चाचणी केली तर एकदा −३९, एकदा −४५. थंड द्रवाचा बाथ एकच, −५१ चा. तेलाचा काचेचा जार थेट त्यात बुडवतो. काय चुकतंय?

उत्तर १
थेट बुडवणं, हेच चुकतंय. काचेलगतचं तेल आधी घट्ट होतं, मधला थर्मामीटर मागे राहतो. मग तेल हललं नाही की वाचन खोटंच जास्त येतं. तुमचं −३९ बहुधा तसलंच.

एएसटीएम डी९७ या प्रमाण चाचणीपद्धतीत जार कोरड्या जॅकेटमध्ये (बाथमध्ये बसवलेल्या नळकांड्यात) असतो, तळाला कॉर्कची चकती, भोवती गॅस्केट. खुणेपर्यंत तेल भरा, ४५ पर्यंत तापवा, १५ पर्यंत निवू द्या. मग बाथ क्रमाने: आधी ० चा, तेल ९ ला आलं की −१८, −६ ला −३३, −२४ ला −५१, −४२ ला −६९. हा शेवटचा बाथ नसेल तर −४५ च्या आसपास तेल निवता निवत नाही.

उत्तर २
अपेक्षित आकड्याच्या ९ अंश वर, म्हणजे −३६ पासून, दर ३ अंशांनी बघा. जार काढून हलकेच कलता करायचा, पृष्ठभाग सरकतो का एवढंच पाहायचं; काढून परत ठेवायला ३ सेकंद पुरेत. सरकला नाही तर आडवा धरून ५ सेकंद मोजा. −४८ ला ढिम्म राहिलं तर त्यात ३ मिळवून नोंद −४५. थर्मामीटर मध्ये हलला तर मेणाची जाळी मोडते आणि आकडा खोटाच खाली जातो. नॅफ्थेनिकमध्ये मेण कमी, तिथे तेल दाटपणानेच थांबतं. जास्त मेणाच्या पॅराफिनिक तेलात मात्र ही चूक महागात पडते. काचेवर दव धरलं तर अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, नाहीतर पृष्ठभाग दिसणारच नाही.

उत्तर ३
आकडा जुळला तरी थंडीत ट्रान्सफॉर्मर सुरू करायचा असेल तर −३० ची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) बघा. ट्रान्सफॉर्मर तेलाच्या आयईसी ६०२९६ या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत ती कमाल १८०० मिमी²/से, ४० ला कमाल १२. जारमध्ये जेमतेम सरकणारं तेल पंपाला आणि टॅप चेंजरला (व्होल्टेज बदलणाऱ्या स्विचला) झेपेलच असं नाही. नॅचरल एस्टर (वनस्पती तेलापासूनचं ट्रान्सफॉर्मर तेल) तर पोअर पॉइंटच्या वरच्या तापमानालाही बराच वेळ पडून राहिलं की गोठू शकतं. तिथे या झटपट चाचणीवर विसंबू नका.

प्रश्नकर्ता
जॅकेट आहे, वापरत नव्हतो. −६९ च्या बाथची सोय करून नव्या नमुन्यावर पुन्हा घेतो.