लाँगहॉर्न्सचा सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण? अर्ल कॅम्पबेल, रिकी विल्यम्स की तिसराच कोणी

बर्न्टऑरेंज_कोल्हापूर
मंडळी, दर सीझनला हा विषय निघतो आणि दर वेळी अर्धवट राहतो म्हणून सरळ धागाच काढतोय. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, म्हणजे ऑस्टिनच्या लाँगहॉर्न्सच्या आजवरच्या इतिहासात सगळ्यात भारी रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा खेळाडू, कोण? २०२० पासून स्टेडियममधल्या मैदानाला कॅम्पबेल-विल्यम्स फील्ड नाव दिलंय, दोघांकडे हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) आहे, अर्लकडे १९७७ ची आणि रिकीकडे १९९८ ची, आणि दोघांचे जर्सी नंबर, २० आणि ३४, कायमचे राखून ठेवलेत. युनिव्हर्सिटीने दोघांना शेजारी बसवलं ते ठीक, पण मला एकच नाव हवंय.

अट एकच, फक्त कॉलेजचा खेळ धरायचा. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, कोणी काय केलं ते इथे आणू नका, नाहीतर चर्चा भलतीकडे जाते. माझं मत रिकी. चार वर्षांत पळून काढलेले ६२७९ यार्ड, ७२ वेळा पळत जाऊन टचडाउन (बॉल घेऊन समोरची गोल लाइन ओलांडणं), हे ज्याच्या नावावर आहे त्याला दुसरा नंबर कसा द्यायचा ते मला कोणीतरी समजावून सांगा.

ह्यूस्टनचे_काका
सांगतो. मी १९७६ ला एम.एस. करायला ऑस्टिनला आलो, त्यामुळे अर्लचं शेवटचं वर्ष डोळ्यांनी बघितलंय आणि माझं मत तेव्हा बनलं ते आजपर्यंत हललेलं नाही.

आधी एक लक्षात घ्या, अर्ल पहिली तीन वर्षं विशबोनमध्ये फुलबॅक होता. विशबोन म्हणजे क्वार्टरबॅकच्या (बॉल हातात घेऊन डाव चालवणाऱ्याच्या) मागे तीन बॅक, आणि समोरचा डिफेन्स कुठे झुकतोय ते बघून क्वार्टरबॅक बॉल मधल्या फुलबॅकला देणार, स्वतः ठेवणार नाहीतर बाहेरच्याला फेकणार. त्यात बॉल सगळ्यांत वाटला जातो, एकाच्या नावावर डोंगर साठत नाही. वर १९७६ ला त्याचा हॅमस्ट्रिंग दुखावलेला, त्या वर्षी फक्त ६५३ यार्ड झाले. मग कोच डॅरेल रॉयल निवृत्त झाले, त्यांच्या जागी फ्रेड एकर्स आले, त्यांनी आय फॉर्मेशन आणलं आणि अर्लला मागे उभं करून बॉल त्याच्याच हातात द्यायला सुरुवात केली. पुढे काय झालं? १७४४ यार्ड, देशात पहिला, आणि तेसुद्धा दर कॅरीला (बॉल घेऊन एकदा पळण्याला) साडेसहा यार्डाने.

त्या वर्षीची ओक्लाहोमाची मॅच घ्या. डॅलसला कॉटन बोल स्टेडियम, आमचा पहिला क्वार्टरबॅक जखमी, दुसरा आला तोही जखमी, तिसरा रँडी मकईचर्न, ज्याचं नाव आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. समोरच्यांना पक्कं ठाऊक की आता बॉल अर्लकडेच जाणार. तरी मॅचमधला आमचा एकमेव टचडाउन अर्लचाच, २४ यार्डांचा. बाकी पॉइंट रसेल अर्क्सलेबेनच्या ६४ आणि ५८ यार्डांच्या किकचे. १३-६ ने जिंकलो.

आणि त्याचं पळणं! कबड्डीत रेडरला चौघांनी धरलेलं असतं आणि तो चौघांनाही ओढत नेऊन मधल्या रेषेला हात लावतो ना, तसं तो दर डावाला करायचा. मांड्या अशा की टॅकल करणारा कमरेला मिठी मारायचा आणि नुसता लोंबकळत राहायचा. एकदा टचडाउननंतर वेग आवरला नाही आणि कडेला उभ्या असलेल्या बेव्होला, आपल्या मॅस्कॉट बैलाला, जाऊन धडकला. खाली बैल पडला.

आकडेवाला_राउंडरॉक
काका, तुम्ही प्रत्यक्ष बघितलंय त्यामुळे तुमच्या शब्दाला मान आहेच. पण रिकीबद्दलसुद्धा हेच म्हणता येईल की. १९९५ आणि ९६ ला तोही फुलबॅकच होता, बॉल प्रीस्ट होम्ससारख्यांबरोबर वाटून घ्यायचा, तरी पहिल्या वर्षी ९९० आणि दुसऱ्या वर्षी १२७२. मग १९९७, टीम पार ढेपाळलेली, ४ विजय ७ पराभव, घरच्या मैदानावर यूसीएलए युनिव्हर्सिटीकडून ६६-३ अशी हार, आणि त्या टीमकडून खेळताना हा माणूस १८९३ यार्ड पळून देशात पहिला आला! अर्लची १९७७ ची टीम बोल मॅचपर्यंत (सीझननंतरच्या खास मॅचपर्यंत) एकही मॅच हरली नव्हती, रिकीने हे रडतखडत चालणाऱ्या टीममधून केलं, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

त्यानंतर तो सरळ एनएफएलला जाऊ शकत होता, गेला नाही, चौथं वर्ष खेळला. मॅक ब्राउन नवीन कोच. राइसविरुद्ध ३१८, लगेच पुढच्या मॅचला आयोवा स्टेटविरुद्ध ३५०, नेब्रास्काच्या घरी जाऊन १५० आणि त्यांची घरच्या मैदानावरची सलग ४७ विजयांची मालिका तोडली. ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ३४ सोडून ३७ नंबर घातला कारण जुने दिग्गज खेळाडू डोक वॉकर नुकतेच वारले होते आणि तो त्यांचा नंबर, पोरगा विशीतला पण ही जाण होती.

आणि टेक्सास एअँडएम युनिव्हर्सिटीविरुद्धचा तो ६० यार्डांचा रन कोणी बघितला नसेल तर आज बघा. टोनी डोरसेटचा कॉलेज करिअरमधल्या ६०८२ यार्डांचा रेकॉर्ड मोडायला थोडंच बाकी होतं. डावीकडून फट मिळते, एक हात झटकतो, पुढे वेन मॅकगॅरिटी स्वतः रिसीव्हर असून ब्लॉक करत वाट मोकळी करतो, शेवटी गोल लाइनपाशी एक जण अंगावर येतो आणि रिकी त्याला घेऊनच आत. मॅच २६-२४ ने जिंकलो.

अजून एक, त्या काळी एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) करिअरच्या आकड्यांत बोल मॅचचे यार्ड धरत नसे, ते २००२ पासून धरायला लागले. मिसिसिपी स्टेटविरुद्ध कॉटन बोलमध्ये रिकीने २०३ काढले ते त्या ६२७९ मध्ये नाहीतच.

मिडलंडवाला
तुम्ही दोघंच दोघं धरून बसलात, सेड्रिक बेन्सनचं नाव कोणी घेतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. इथे तेलाच्या कामात आहे त्यामुळे मिडलंड ली हायस्कूलमधल्या त्याच्या दिवसांबद्दल लोक अजून कसं भरभरून बोलतात ते रोज ऐकतो. चारही वर्षं हजाराच्या वर जाणारा पहिला लाँगहॉर्न तोच, ना अर्लने केलं ना रिकीने (९९० वर अडकला बघा). एकूण ५५४० यार्ड, २००४ चा डोक वॉकर अवॉर्ड (देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकचा). पण त्याच काळात क्वार्टरबॅक व्हिन्स यंग आला आणि मिशिगनविरुद्धच्या रोझ बोलनंतर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ऑस्टिनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात बेन्सन गेला, तेव्हा कुठे लोकांनी त्याचे जुने व्हिडिओ काढून बघितले. पहिला म्हणत नाही मी, पण तिसरा नंबर त्याचाच, आणि त्यात वाद नको.

सायली_डॅलस
वाद घालणार, सॉरी दादा :) तिसऱ्या नंबरसाठी माझं नाव रूझवेल्ट लीक्स.

१९६९ ची टेक्सासची चॅम्पियन टीम संपूर्ण गोऱ्यांची होती, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९७३ ला, लीक्स इथला पहिला कृष्णवर्णीय ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीतला) झाला. १४१५ यार्ड, त्यातले एसएमयू युनिव्हर्सिटीविरुद्ध एका मॅचमध्ये ३४२, हाइजमनच्या मतदानात तिसरा. काका म्हणतात त्या विशबोनच्या फुलबॅकच्याच जागेवरून! मग १९७४ च्या स्प्रिंग प्रॅक्टिसला गुडघा गेला आणि तो पूर्वीसारखा कधीच राहिला नाही. त्याच्या जागी त्या सीझनला कोण आला? टायलर गावाहून आलेला फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा विद्यार्थी) अर्ल कॅम्पबेल. लीक्सचा गुडघा धड राहिला असता तर अर्लला पहिल्याच वर्षी ९२८ यार्डांइतका बॉल मिळाला असता का, मला शंका आहे.

आणि क्रिस गिल्बर्ट? १९६६ ते ६८, तिन्ही वर्षं हजाराच्या वर, अख्ख्या कॉलेज फुटबॉलमध्ये असं करणारा पहिला. तेव्हा फ्रेशमनना मुख्य टीममध्ये खेळूच देत नसत आणि सीझनही लहान असायचा. एकूण यार्डांची यादी लावली की हे लोक आपोआप खाली जातात, म्हणून मी ती यादी बघतच नाही.

बर्न्टऑरेंज_कोल्हापूर
वा, लीक्सच्या गुडघ्याचं हे माहीत नव्हतं, मस्त माहिती दिलीस. पण सायली, मग आत्ताच्या पोरांचं काय? डॉन्टा फोरमनने २०१६ ला २०२८ यार्ड काढले, तेही ५-७ वाल्या टीममधून, म्हणजे आकडेवाला_राउंडरॉकचाच नियम लावला तर तोही वर यायला हवा. आणि बिजान रॉबिन्सन, करिअरची सरासरी दर कॅरीला ६.३, रिकीपेक्षा किंचित जास्तच.

आकडेवाला_राउंडरॉक
फोरमनचं ते एक वर्ष जबरदस्त, मान्य. पण एकच वर्ष ना. बिजानची सरासरी ५३९ कॅरींवर आहे आणि रिकीच्या कॅरी १०११, जवळजवळ दुप्पट मार खाऊन ६.२ टिकवणं वेगळं. एका मॅचपुरतं विचाराल तर मी जमाल चार्ल्सचं नाव घेईन, २००७ ला नेब्रास्काविरुद्ध २९० यार्ड, त्यातले २१६ एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये.

ह्यूस्टनचे_काका
सायली, लीक्सबद्दल लिहिलंस ते फार बरं केलंस, त्याचं नाव आता कोणी काढत नाही. तिसऱ्या जागेवर लीक्स मला मान्य, बेन्सन चौथा. राउंडरॉककर, रिकीची चार वर्षं अर्लच्या चार वर्षांपेक्षा मोठी हे मी मान्य करतो, आकडे समोरच आहेत. पण एका सीझनसाठी, एका मॅचसाठी, तिसरा क्वार्टरबॅक मैदानात असताना आणि समोरच्या अकरा जणांना बॉल कुठे जाणार ते माहीत असताना कोण हवा असं विचारलंत तर मी अर्लच म्हणणार. धागाकर्त्याने एकच नाव मागितलंय, माझं ते लिहून घ्या.