प्रिऑन आणि बार्नॅकल : मराठीत काय लिहावं?

भाचा अकरावीला आहे, गोव्यात पर्वरीला. उच्च माध्यमिकच्या मराठी हस्तलिखितासाठी होड्यांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकलच्या डिंकातल्या प्रथिनांवर लिहितोय. बार्नॅकलला 'शंखकीट' आणि प्रिऑनला 'रोगप्रथिन' म्हटलंय. चालेल?
– म्हापसेकर

'शंखकीट' अजिबात नको. हा ना शंख, ना कीटक. खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला कवचधारी प्राणी. कवचाला भुलून शास्त्रज्ञही त्याला मृदुकायांत, म्हणजे शिंपले-गोगलगायींच्या गटात ढकलत. १८३०मध्ये जॉन वॉन थॉम्प्सनने त्याच्या अळ्या पाहिल्या तेव्हा खरं कूळ कळलं. मग डार्विनने १८४६ ते १८५४ एवढी वर्षं यांच्यातच घालवली. भाच्याला मालीमच्या जेटीवर न्या. वर ओढलेल्या होडीच्या तळाला चुन्याच्या पांढऱ्या पाट्या दिसतील, मधोमध झडप. आत प्राणी डोक्याकडून चिकटलेला, पाण्यात असला की झडपेतून पिसासारखे पाय काढून अन्न गाळतो. बार्नॅकलच लिहू दे.
– दर्यावर्दी

'रोगप्रथिन'ही फसवं आहे. प्रिऑनचं मूळ प्रथिन तुमच्या-माझ्या मेंदूत निरोगीपणे नांदतं. त्याची घडी चुकली की शेजारच्या प्रथिनांच्याही घड्या बिघडवत जातं, तेव्हा आजार. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनरने १९८२मध्ये हा शब्द घडवला, १९९७मध्ये नोबेल मिळालं. शिवाय यीस्टमध्येही प्रिऑन सापडतात, तिथे 'रोग' शब्द दर वेळी लागू पडत नाही.

मुख्य काळजी वेगळीच. बार्नॅकलच्या डिंकात अ‍ॅमिलॉइडसारखे (प्रथिनांच्या घड्या एकावर एक रचून झालेले) तंतू सापडलेत, म्हणजे घडीची धाटणी प्रिऑनशी मिळतीजुळती. पण तेवढ्यावरून डिंकाला 'प्रिऑन' म्हणू नये, लागण पसरवणं हे प्रिऑनचं लक्षण. 'अ‍ॅमिलॉइडसदृश तंतू' लिहा. ज्या जातीत ते दिसले, ती अ‍ॅम्फिबॅलॅनस अ‍ॅम्फिट्राइट आपल्या किनाऱ्यावर सर्रास आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तिच्यावर बरंच काम झालंय.
– रसायनवाली

गंमत म्हणजे दोन्ही शब्द आधी पक्ष्यांचे! प्रायॉन हा दक्षिणी समुद्रावरचा पक्षी, चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते, ग्रीकमध्ये करवतीला तेच नाव. आणि बार्नॅकल हा एक रानहंस. तो समुद्रातल्या या कवचांतून जन्मतो असं युरोपात लोक मानत, म्हणून नाव प्राण्याला चिकटलं. प्रथिनाचा उच्चार मात्र प्रुसिनरच्या मते 'प्री-ऑन', तेव्हा 'प्रायॉन' पक्ष्यापुरतंच ठेवा.
– पाखरू

आभार. आता लिंगाचं सांगा, भाचा 'ते बार्नॅकल' म्हणतो.
– म्हापसेकर

आम्ही पुल्लिंगी वापरतो, खेकड्यासारखं. अनेकवचनही 'बार्नॅकल'च, 'बार्नॅकल्स' नको.
– रसायनवाली